ट्रेंटनचे यांकीज गेले कुठे? अमेरिकेतील छोट्या बेसबॉल संघांच्या फेररचनेविषयी

दोन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याला मी ट्रेंटनच्या मैदानावर बेसबॉलचा सामना दाखवायला नेले होते. ट्रेंटन ही न्यू जर्सी राज्याची राजधानी. मैदान डेलावेअर नदीच्या अगदी काठाला आहे आणि उजव्या कुंपणापलीकडे नदीचेच पात्र असल्यामुळे संध्याकाळी वारा सुटला की जुलैच्या उकाड्यातही तेथे बसवते. भाचा क्रिकेट खेळणारा, त्यामुळे सगळी माहिती आधीच काढून आला होता. न्यूयॉर्क यांकीज या बड्या बेसबॉल संघाचा तारा ॲरन जज २०१५ साली याच मैदानावर खेळला, हे त्याला ठाऊक होते. आत शिरताच तो खेळाडूंच्या गणवेशावर यांकीजचे चिन्ह शोधू लागला, पण ते नव्हते. संघाचे नाव मात्र जुनेच होते, ट्रेंटन थंडर. अर्धा सामना झाल्यावर त्याने विचारले, "मावशी, नाव तेच, मैदान तेच, तू म्हणतेस बरेचसे प्रेक्षकही तेच. मग गेलं काय?"

परतीच्या वाटेवर घर आले तरी माझे उत्तर संपले नव्हते. न्यू जर्सीत राहणारी अनेक मराठी कुटुंबे उन्हाळ्यात मुलांना घेऊन अशा सामन्यांना जातात, आणि २०२० नंतर हाच प्रश्न मला त्यांच्याकडूनही अनेकदा ऐकावा लागला आहे. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलची खालची अख्खी उतरंड त्या एका वर्षात नव्याने रचली गेली. ती का रचली गेली, त्यात कोणाला काय मिळाले आणि आमच्यासारख्या चाहत्यांचे नेमके काय हरवले, हे मुळापासून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मायनर लीग म्हणजे काय?

कोकणात भात थेट शेतात पेरून सोडत नाहीत. आधी एका लहान तुकड्यात दाट पेरणी करून तरवा तयार करतात, रोपे हातभर झाली की ती उपटतात आणि मग मोठ्या खाचरात लावणी करतात. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये मोठे खाचर म्हणजे मेजर लीग, जिच्यात तीस संघ आहेत. तरवा म्हणजे मायनर लीग. अठरा ते बावीस वर्षांचा खेळाडू कितीही गुणी असला तरी तो बहुधा थेट मोठ्या संघात जात नाही. मोठा संघ त्याच्याशी करार करतो आणि त्याला खालच्या पायरीवरच्या एखाद्या छोट्या शहराच्या संघात खेळायला पाठवतो. या पायऱ्या खालून वर अशा मोजतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. एकेक पायरी चढायला कोणाला काही महिने लागतात, कोणाला दोन वर्षे, आणि बहुतेक जण मधल्याच एखाद्या पायरीवरून घरी परततात.

ही पद्धत पद्धतशीरपणे रुजवण्याचे श्रेय ब्रँच रिकी यांना दिले जाते. १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सचा कारभार पाहताना त्यांनी छोटे संघ एका साखळीत गुंफून त्यांत स्वतःचे खेळाडू वाढवायला सुरुवात केली. इंग्रजीतही या व्यवस्थेला शेतीचाच शब्द चिकटला आहे, तिला 'फार्म' म्हणतात. याच रिकींनी पुढे ब्रुकलिन डॉजर्समध्ये असताना जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूसाठी १९४७ मध्ये मेजर लीगचे दार उघडले, आणि त्याआधीचे वर्ष रॉबिन्सनही माँट्रिअलच्या मायनर लीग संघातून खेळले होते.

क्रिकेटशी तुलना करायची तर एक मोठा फरक लक्षात ठेवावा लागतो. रणजी करंडकात खेळणारा महाराष्ट्राचा संघ हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचा असतो. तो मुंबई इंडियन्सचा किंवा आणखी कोणाचा पोटसंघ नसतो आणि कोणा एका मोठ्या संघाच्या मर्जीने त्याचे स्थान जात नाही. ट्रेंटन थंडरची गोष्ट वेगळी होती.

मग संघ नक्की कोणाचा?

सगळा घोळ या प्रश्नात आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

एका मायनर लीग संघामागे तीन वेगवेगळे पक्ष असतात. मैदान बहुधा शहराच्या किंवा कौंटीच्या मालकीचे असते. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. ट्रेंटनचे मैदान मर्सर कौंटीने बांधले आणि ते १९९४ मध्ये सुरू झाले. दुसरा पक्ष स्थानिक मालकाचा. तो मैदान भाड्याने घेतो, तिकिटे, खाद्यपदार्थ आणि जाहिराती विकतो, कर्मचारी नेमतो आणि खेळाडूंच्या प्रवासाची व्यवस्था पाहतो. तिसरा पक्ष म्हणजे मेजर लीगमधला पालक संघ. खेळाडू आणि प्रशिक्षक त्याचे असतात, त्यांचे पगार तोच देतो, आणि आज येथे खेळणाऱ्या मुलाला उद्या सकाळी वरच्या पायरीवर पाठवायचे की खालच्या, हेही तोच ठरवतो. पालक संघ आणि स्थानिक संघ यांच्यातील या नात्याला मी पुढे 'संलग्नता' म्हणणार आहे.

भाच्याला मी हे घाटातल्या हॉटेलाच्या उदाहरणाने समजावले. एसटीची गाडी जेथे दहा मिनिटे थांबते तेथले हॉटेल मालकाचे असते, जागा कदाचित आणखी कोणाची असते, पण गाडी आणि गाडीतली माणसे महामंडळाची असतात. वडा उत्तम असेल, चहा ताजा असेल, टेबले लख्ख पुसलेली असतील, तरीही उद्या द्रुतगती मार्ग झाला आणि गाडी तिकडून जाऊ लागली तर हॉटेल जागच्या जागी राहते आणि थांबा जातो. पुणेकरांना याहून जवळचा दाखलाही आहे. गहुंजेचे मैदान आजही उभे आहे, पण तेथे आलेले आयपीएलचे दोन्ही संघ, आधी पुणे वॉरियर्स आणि नंतर रायझिंग पुणे सुपरजायंट, इतिहासजमा झाले.

ट्रेंटनने याआधीही पालक बदललेले पाहिले होते. पहिल्या वर्षी, १९९४ मध्ये, पालक संघ होता डेट्रॉइट टायगर्स. १९९५ ते २००२ ही आठ वर्षे बॉस्टन रेड सॉक्स आणि २००३ पासून न्यूयॉर्क यांकीज. रेड सॉक्स आणि यांकीज यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की हा केवढा पालट होता. तरी आम्ही तो पचवला, कारण जुन्या व्यवस्थेत एक हमी होती. संगीत खुर्चीचा खेळ होता खरा, पण जितके खेळणारे तितक्याच खुर्च्या होत्या. संलग्नतेचे करार दोन किंवा चार वर्षांचे असत, मुदत संपली की दोन्ही बाजू नवा जोडीदार शोधू शकत, आणि शेवटी प्रत्येकाला कोणी ना कोणी मिळेच, कारण मेजर लीग आणि मायनर लीग यांच्यातील मुख्य कराराने १६० संलग्न संघ राहतील अशी खात्री दिली होती.

२०२० मध्ये काय घडले?

तो मुख्य करार ३० सप्टेंबर २०२० रोजी संपणार होता. त्याच्या साधारण वर्षभर आधी, २०१९ च्या शरद ऋतूत, मेजर लीगचा प्रस्ताव बाहेर आला: संलग्न संघ १६० वरून १२० वर आणायचे. तीस मोठे संघ आणि प्रत्येकाचे चार छोटे संघ, असा हा सरळ हिशेब होता. (मोठे संघ फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातील आपल्या प्रशिक्षण केंद्रांत आणखी काही संघ चालवतात, पण ते गावांचे संघ नाहीत, म्हणून त्यांना येथे धरलेले नाही.) नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या शंभराहून अधिक सदस्यांनी मेजर लीगच्या आयुक्तांना निषेधाचे पत्र पाठवले. आपापल्या मतदारसंघातले मैदान ओस पडणार, हे त्यांना दिसत होते.

मग करोना आला. ३० जून २०२० रोजी मायनर लीगचा अख्खा मोसम रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. वाटाघाटीत छोट्या संघांची उरलीसुरली ताकद येथे संपली असे मला वाटते. मोठ्या संघांना दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे मिळतात, छोट्यांचे पोट मात्र मैदानात येणाऱ्या माणसांवर चालते. ज्याच्या गल्ल्यात वर्षभर एक पैसा पडलेला नाही, तो अटी घालायला बसू शकत नाही.

करार संपला आणि पुन्हा झाला नाही. छोट्या लीग्सनी १९०१ मध्ये एकत्र येऊन जी स्वतःची संघटना उभारली होती, तिचा कारभार मेजर लीगने आपल्या हाती घेतला आणि निवडक १२० संघांना दहा वर्षांचे परवाने देऊ केले. या अख्ख्या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही आहे: आधी करार होता, आता परवाना झाला. करार दोन बाजूंनी मिळून ठरतो. परवाना एक बाजू देते आणि अटी मोडल्या किंवा मुदत संपली तर तीच बाजू तो काढून घेऊ शकते. परवान्याच्या अटींत मैदानावरील दिवे, कपडे बदलण्याच्या खोल्या, व्यायामशाळा, सरावाच्या जाळ्या अशा गोष्टींचे तपशीलवार निकष आहेत, आणि मैदान सार्वजनिक मालकीचे असेल तर ते पूर्ण करण्याच्या खर्चाचा मोठा भार शेवटी त्या त्या गावाच्या करदात्यांवर येतो.

चाळीसहून अधिक संघ संलग्नतेतून बाहेर पडले. १९३९ पासून चालत आलेली न्यूयॉर्क–पेन लीग बंद झाली. मोंटाना, आयडाहो, युटा या डोंगराळ भागातील पायोनियर लीग स्वतंत्र झाली, म्हणजे पालक संघांशिवाय खेळू लागली. ॲपलेशियन लीगचे रूपांतर महाविद्यालयीन खेळाडूंच्या उन्हाळी स्पर्धेत झाले. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नोचा संघ ट्रिपल-ए वरून थेट सर्वांत खालच्या पायरीवर उतरवण्यात आला.

ट्रेंटनलाच का वगळले?

नोव्हेंबर २०२० मध्ये यांकीजने आपले नवे चार संघ जाहीर केले. डबल-ए साठी त्यांनी ट्रेंटनऐवजी ब्रिजवॉटरच्या सॉमरसेट पेट्रियट्सची निवड केली. ब्रिजवॉटर म्हटले की न्यू जर्सीतील मराठी माणसाला तेथले बालाजी मंदिर आठवते. त्याच गावात हा संघ १९९८ पासून एका स्वतंत्र लीगमध्ये खेळत होता. म्हणजे खुर्च्या चाळीसने कमी केल्याच, वर उरलेल्यांपैकी तीन खुर्च्या बाहेरून आलेल्यांना दिल्या. सॉमरसेटखेरीज मिनेसोटातील सेंट पॉल आणि टेक्सासमधील शुगर लँड हे ते दुसरे दोन संघ.

यांकीजने भौगोलिक सोय आणि मैदानाच्या सुविधा ही कारणे दिली. ब्रिजवॉटर ट्रेंटनपासून तीसेक मैलांवर आणि न्यूयॉर्कला अधिक जवळ आहे, त्यामुळे जखमेतून सावरणाऱ्या मोठ्या खेळाडूला एक-दोन सामने खेळायला तेथे पाठवणे सोपे पडते, हे मी नाकारत नाही. ब्रिजवॉटरचे मैदान सुंदर आहे आणि तेथल्या लोकांनी पालक संघाच्या नावाविना वीस वर्षांहून अधिक काळ आपला संघ जगवला होता, याचा मला आदर आहे. पण दोन गोष्टी मनातून जात नाहीत.

पहिली गोष्ट अशी, की २०१९ च्या सप्टेंबरात ट्रेंटन थंडरने ईस्टर्न लीगचे, म्हणजे आपल्या डबल-ए स्पर्धेचे, विजेतेपद मिळवले. त्या रात्री मैदानावर जल्लोष करणाऱ्या कोणालाही माहीत नव्हते की पुढच्या वर्षी मोसमच होणार नाही आणि त्याच्या पुढच्या वर्षी हा संघ त्या लीगमध्येच नसेल. विजेते म्हणून पुन्हा मैदानात उतरण्याची संधी त्यांना मिळाली नाही. दुसरी गोष्ट २०२१ ची. करोनाच्या सीमाबंदीमुळे टोरंटो ब्लू जेज हा कॅनडाचा संघ अमेरिकेत बफेलो येथे खेळत होता, म्हणून बफेलोच्या ट्रिपल-ए संघाला तात्पुरते घर हवे होते. ते घर म्हणून निवडले गेले ट्रेंटनचे मैदान, आणि काही महिने तो संघ येथे थंडर याच नावाने खेळला. जे मैदान डबल-ए मधून बाहेर पडले, त्यावर त्याच उन्हाळ्यात त्याहून वरच्या पायरीचे बेसबॉल खेळले गेले.

'पण अशी फेररचना गरजेची नव्हती का?'

काही बाबतींत होती. वॉशिंग्टन नॅशनल्सचा ट्रिपल-ए संघ २०१९ मध्ये फ्रेझ्नोला होता, म्हणजे देशाच्या दुसऱ्या किनाऱ्याजवळ. मोठ्या संघातला एखादा खेळाडू जायबंदी झाला की बदली खेळाडूला अख्खा खंड ओलांडून यावे लागे. नव्या रचनेत नॅशनल्सचा ट्रिपल-ए संघ न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टरला आला. एकाच प्रतिस्पर्ध्याशी ओळीने सहा सामने आणि बहुधा सोमवारी सुट्टी, अशी आखणी झाल्यामुळे रात्रभराचे बसप्रवासही कमी झाले. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना मी सकाळी सहाला बसमधून सुजलेल्या डोळ्यांनी उतरताना पाहिले आहे, त्यामुळे ही सुधारणा मला मनापासून मान्य आहे.

खेळ वेगवान करण्याचे प्रयोगही मायनर लीगमध्येच झाले. चेंडू टाकण्यासाठी ठरावीक सेकंद मोजणारे घड्याळ २०२२ मध्ये खालच्या सगळ्या पायऱ्यांवर कडकपणे लागू झाले, सामने सरासरी पंचवीस मिनिटांनी आटोपशीर झाले आणि २०२३ मध्ये ते मेजर लीगने स्वीकारले. सुरुवातीला मला ते आवडले नाही. आता आवडते.

मात्र अंतर कमी करणे, मैदाने सुधारणे आणि घड्याळ लावणे यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी चाळीस खुर्च्या काढून टाकण्याची आवश्यकता नव्हती. जोडीदार बदलून अंतर कमी करता आले असते, आणि सुधारणेला मुदत देऊन मैदानेही नीट करता आली असती. परवाना मिळालेल्या १२० संघांना तशी काही वर्षांची मुदत दिली गेलीच.

'खेळाडूंचे तर भले झाले ना?'

झाले, आणि ते फार आधी व्हायला हवे होते. २०२२ पर्यंत डबल-ए च्या खेळाडूचे किमान वेतन वर्षाला सुमारे १३,८०० डॉलर होते. अमेरिकेत एवढ्या पैशांत एकट्या माणसाचे घरभाडेही भागत नाही, त्यामुळे खेळाडू एका खोलीत चार-पाच जण राहात आणि हिवाळ्यात मिळेल ते काम करत. मार्च २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा इतिहासातला पहिला सामूहिक वेतन-करार झाला आणि तेच किमान वेतन ३०,२५० डॉलर झाले. ट्रिपल-ए मध्ये ते १७,५०० वरून ३५,८०० वर गेले. राहण्याची सोय मोठ्या संघांनी करायची, हा नियम २०२२ पासूनच आला होता.

हा बदल संघ कमी केल्यामुळे झाला, असे अनेकदा सांगितले जाते. २०२१ मध्ये फेररचनेबरोबर थोडी वाढ झाली हे खरे आहे. डबल-ए चे किमान वेतन आठवड्याला ३५० डॉलरवरून ६०० वर गेले. पण मोठी वाढ दोन वर्षांनी झाली, आणि ती झाली खेळाडूंनी २०२२ मध्ये मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत प्रवेश केल्यावर. त्याच वर्षी वेतनाबाबतचा एक जुना दावाही मेजर लीगने १८.५ कोटी डॉलर देऊन मिटवला. त्या वेळी खेळाडू संघटनेचे कार्यकारी संचालक टोनी क्लार्क होते, आणि हे टोनी क्लार्क १९९४ मध्ये, म्हणजे ट्रेंटन थंडरच्या पहिल्याच मोसमात, आमच्या मैदानावर खेळलेले होते. ही गोष्ट भाच्याला सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून पाहिले.

वेतनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. २०१८ मध्ये काँग्रेसने एक कायदा करून मायनर लीगच्या खेळाडूंना जादा कामाच्या मोबदल्याच्या नियमातून वगळले. वेतन वाढले तर छोट्या गावांचे संघ बंद पडतील, असा युक्तिवाद तेव्हा बेसबॉलच्या धुरिणांनी केला होता. कायदा झाला, खेळाडूंचे नुकसान झाले आणि दोनच वर्षांत छोट्या गावांचे चाळीसहून अधिक संघ तरीही वगळले गेले. खेळाडू आणि गावे यांना अशा प्रकारे एकमेकांसमोर उभे करण्यात आले, याचा मला आजही राग येतो.

'न्यायालयात जाता येत नाही का?'

चार संघ गेले. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी मेजर लीगविरुद्ध स्पर्धाविरोधी वर्तनाचा दावा लावला. एखाद्या बाजारातले सगळे मोठे व्यापारी एकत्र येऊन कोणाकडून माल घ्यायचा आणि कोणाकडून नाही हे ठरवू लागले, तर अमेरिकेच्या कायद्यानुसार तो गुन्हा ठरू शकतो. पण बेसबॉलला यातून सूट आहे. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलचे सामने हा राज्या-राज्यांतील व्यापार नव्हे असा निर्णय दिला, आणि शंभर वर्षे उलटली तरी तो पूर्णपणे फिरवलेला नाही. १९९८ च्या एका कायद्याने मेजर लीगच्या खेळाडूंपुरती ही सूट काढून घेतली, मायनर लीगला मात्र त्यातून बाहेर ठेवले. त्यामुळे खालच्या न्यायालयांत दावा टिकला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात पोहोचले असताना नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही बाजूंत तडजोड झाली आणि बेसबॉलला कायद्यातून मिळालेल्या सवलतीचा मूळ प्रश्न तसाच राहिला.

'सामने अजूनही होतात, मग हरवले काय?'

ट्रेंटन थंडर आज ड्राफ्ट लीगमध्ये खेळतो. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची वार्षिक निवड. तीस मोठे संघ पाळीपाळीने नावे पुकारतात. पूर्वी या पुकाराच्या चाळीस फेऱ्या होत, आता वीसच होतात, म्हणजे दरवर्षी शेकडो मुलांसाठी दार आधीच बंद होते. अशा मुलांना निवडकर्त्यांसमोर खेळता यावे म्हणून मेजर लीगने २०२१ मध्ये ही लीग सुरू केली. २०२२ पासून मोसमाचे दोन भाग पडतात: ड्राफ्टच्या आधी महाविद्यालयीन खेळाडू विनावेतन खेळतात आणि त्यानंतर निवड न झालेले व्यावसायिक खेळाडू येतात. मोसम जूनमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला संपतो. डबल-ए मध्ये घरच्या मैदानावर सत्तरच्या आसपास सामने होत, आता चाळीसच्या आसपास होतात. एप्रिलमध्ये अंगावर दोन स्वेटर चढवून पाहिलेले सामने आता नाहीत.

पण भाच्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर सामन्यांच्या संख्येत नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात आम्ही ॲरन जजला येथे पाहिले. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, सहा फूट सात इंच उंच, आणि डगआउटमध्ये इतरांच्या डोक्यांवरून त्याचे डोके दिसे. निम्मा मोसम झाला आणि एके दिवशी तो वरच्या पायरीवर गेला. पुढच्या वर्षी तो यांकीजमध्ये पोहोचला, २०१७ मध्ये त्याने ५२ होमरन, म्हणजे कुंपणापार जाणारे फटके, मारले आणि २०२२ मध्ये ६२. दूरचित्रवाणीवर तो दिसला की आमच्या घरात कोणी तरी "आपला जज" असे म्हणतेच. हा 'आपला' शब्द आम्हाला डबल-ए ने दिला होता. हंगामभर रोज त्याच मुलांना पाहायचे, कोण चुकतो आणि कसा सुधारतो हे टिपायचे, आणि मग त्यांतला एखादा पुढे वर्षानुवर्षे मोठ्या पडद्यावर पाहायचा, असा तो सलग धागा होता. ड्राफ्ट लीगमधली मुले तितक्याच जिद्दीने खेळतात, काही जण तर जीव तोडून खेळतात, पण ती काही आठवड्यांची पाहुणी असतात. नाव पाठ होते न होते तोच फलकावर नवे नाव झळकते.

आणि येथे कुत्र्यांविषयी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ट्रेंटनच्या मैदानावर चेस नावाचा सोनेरी केसांचा रिट्रीव्हर कुत्रा होता. फलंदाज चेंडू मारून पळाला की बॅट जमिनीवर पडलेली असते. ती उचलायला एरवी एखादा मुलगा धावतो, आमच्याकडे चेस धावायचा. बॅट मधोमध दातांत धरून, शेपटी हलवत तो ती डगआउटकडे घेऊन जाई, आणि बॅट एका बाजूला कलली तर मध्येच थांबून पकड नीट करून घेई. पंचांना पाण्याच्या बाटल्यांची टोपली नेऊन देणे हेही त्याचेच काम. २०१३ मध्ये तो गेला. त्याचा मुलगा डर्बी आणि नंतर नातू रूकी यांनी तेच काम पुढे चालवले. हे यांकीजने दिलेले नव्हते आणि कोणत्या परवान्याच्या निकषांतही बसणारे नव्हते. ते या मैदानाने आणि येथल्या माणसांनी स्वतः घडवले होते, आणि म्हणूनच २०२० मध्ये जेव्हा मैदानांची तुलना झाली तेव्हा त्याची कोठे नोंद होण्याची शक्यताही नव्हती.

पुढे काय पाहायचे?

दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे लागेल. एक म्हणजे मालकी. २०२१ मध्ये स्थापन झालेल्या डायमंड बेसबॉल होल्डिंग्ज या एकाच कंपनीकडे आज १२० पैकी ४० हून अधिक संघ आहेत. कंपनीकडे मैदाने सुधारायला भांडवल असते आणि बऱ्याच गावांना त्याचा फायदाही झाला असेल. पण जो मालक त्याच गावात राहतो, ज्याला किराणा दुकानात लोक थांबवून तिकिटाच्या दराविषयी विचारतात, त्याची संख्या कमी होत चालली आहे.

दुसरी गोष्ट परवान्यांची मुदत. २०२१ मध्ये दिलेले दहा वर्षांचे परवाने २०३० च्या मोसमानंतर संपतील. तेव्हा १२० चा आकडा तोच राहील की आणखी खाली येईल, हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे एका बाजूकडे असेल. ज्या गावांनी मधल्या काळात निकष पाळण्यासाठी कर्ज काढून मैदाने सुधारली, त्यांची परतफेड मात्र बहुतेक ठिकाणी २०३० नंतरही चालू असेल. आपल्या कौंटीच्या सभेत मैदानाच्या खर्चाचा ठराव आला, तर त्या मैदानाच्या बदल्यात गावाला किती वर्षांची लेखी हमी मिळाली आहे, एवढा एक प्रश्न चाहत्यांनी उभे राहून विचारावा. ट्रेंटनमध्ये आम्ही तो वेळेवर विचारला नव्हता.

भाच्याने त्या रात्री निघताना थंडरची निळी टोपी विकत घेतली. ती कोणत्या वर्षाची, हे त्याने दुकानदाराला आवर्जून विचारले.